अडीच चौकोन

पाक विरातमोंना आणलं तेव्हा सकाळचे पावणेदहा झाले होते आणि धुकं अजून उठलं नव्हतं. बटाट्याची पोती वाहणारा टेम्पो कॅज्युअल्टीच्या दारात लागला. मागच्या फळीवर ते आडवे पडले होते, डोकं बायकोच्या मांडीवर, अंगावर चौकड्याची लुंगी पांघरलेली. शेजारच्या बू जुमिराह चपला हातात घेऊन उभ्या होत्या.

कुंतारी स्ट्रेचर घेऊन धावली. बारा वर्षं ती या कॅज्युअल्टीत सिस्टर होती. डोंगरातल्या या लहानशा सरकारी दवाखान्यात डॉक्टर यायचे, वर्षभर थांबायचे आणि खाली शहरात निघून जायचे. कुंतारी तिथेच होती. सगळे तिला म्बाक म्हणायचे, म्हणजे ताई, वयाने मोठे असलेलेसुद्धा; वडीलधाऱ्या पुरुषांना आदराने पाक म्हणत, बायकांना बू. आणि स्ट्रेचरवर पडलेल्या या माणसाने तिला पाचवीत भागाकार शिकवला होता. शाळा सोडून त्यांना चार वर्षं झाली होती, तरी गावात त्यांना अजून पाक गुरूच म्हणत.

"काय झालं, बू?" तिने त्यांच्या बायकोला विचारलं.

"काही नाही गं." बू सुमिनाह टेम्पोतून उतरता उतरता म्हणाल्या. त्यांच्या हाताला नारळाचा कीस चिकटला होता. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही यांच्या. पहाटे माझ्या पायाच्या दोन गोळ्या घेतल्या म्हणतात, झोप लागावी म्हणून. आता उठवलं तर उठेनात. उठले तर भलतंच बोलायला लागले. साखर बघ, सलाइन लावायची तर लाव, आणि सोड आम्हाला. आज आमच्या गालिहचा हजारावा दिवस आहे."

कुंतारीला ते ठाऊक होतं. त्या उतारावर सगळ्यांनाच ठाऊक होतं. गालिह हा त्यांचा एकुलता एक मुलगा, मोटरसायकलवरून धुक्यात दरीकडच्या वळणावर गेला, त्याला आज हजार दिवस होत होते. माणूस गेल्यावर तिसरा दिवस करतात, सातवा, चाळिसावा, शंभरावा, वर्षाचा, दोन वर्षांचा; आणि हजारावा झाला की संपलं. कबरीवर कायमचा दगड बसवायचा, शेवटचं दुआपठण करायचं, आणि गेलेल्याला जाऊ द्यायचं. संध्याकाळच्या नमाजानंतर शंभरावर माणसं त्यांच्या अंगणात बसणार होती. बोकड कापून झाला होता. कुंतारीचा नवराही तिथे मांडव बांधायला गेला होता.

साखर एकशे बारा निघाली. रक्तदाब थोडा कमी. नाडी मात्र एकशे चोवीस, आणि हाताला लागणारं अंग कोरडं, तापलेलं. ओठांवर सालपटं. तिने बॅटरी मारली, तर डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की तपकिरी रंग नुसता कडेला उरलेला. पाक विरातमो उजव्या हाताने हवेतलं काहीतरी वेचत होते, जसे तांदळातले खडे वेचावेत.

"पाक गुरू, मी कुण, तुमची कुंतारी. ओळखलंत?"

"कुण," ते जड जिभेने म्हणाले. "तुझी वही कुठे?"

बू सुमिनाह कसनुसं हसल्या. "बघ, असं चाललंय."

कुंतारीने सदऱ्याची बटणं काढली, छातीला तारा लावल्या आणि ईसीजी काढला. यंत्रातून कागद कुरकुरत बाहेर आला. यंत्राचा स्वतःचा शेरा वरच्या कोपऱ्यात छापून येतो. तो म्हणत होता, ठोके जलद, बाकी किरकोळ. तिने शेरा अंगठ्याखाली झाकला. तशी तिला सवयच लागली होती.

ही सवय एका मुलीने लावली होती. चार वर्षांपूर्वी पर्यटकांच्या खोल्यांवर काम करणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी आली होती, मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून, चालत. कसल्या तरी गोळ्या खाल्ल्या होत्या आणि आता तिला त्याची लाज वाटत होती. तिचाही ईसीजी कुंतारीनेच काढला होता. यंत्र म्हणालं होतं, ठोके जलद. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, बसू दे बाकावर, बघू. मुलीने कुंतारीकडे केसांना लावायला रबर मागितलं होतं. दीड तासाने ती बाकावरून खाली घसरली आणि मग कुणाच्याच हाताला लागली नाही.

महिन्याभराने समारांगहून विषबाधेचे एक मोठे डॉक्टर आले. रागावले नाहीत. त्यांनी मुलीची ती पट्टी मागवली, टेबलावर पसरली, आणि सगळ्या सिस्टरांना जवळ बोलावलं. "हा उंच सुळका दिसतोय ना? त्याची उंची नका बघू, रुंदी बघा. लहान चौकोन मोजा. अडीचपर्यंत ठीक. अडीचच्या पुढे गेला तर आकडी येऊ शकते. चारच्या पुढे गेला तर हृदयच ताल सोडतं. आणि ही ओळ, एव्हीआर, हिच्याकडे कुणी बघत नाही. हिच्यात सुळक्याचं शेपूट वर उचललेलं दिसलं, तर पेशंट कितीही हसत असला तरी त्याला बाकावर बसवायचं नाही." मग त्यांनी मुलीच्या पट्टीवर बोट ठेवलं. तीन चौकोन होते. शेपूट वर होतं. "हे इथे लिहिलेलं होतं," ते म्हणाले, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

आता तिने एका चिठोऱ्याच्या कडेवर पेन्सिलने सुळक्याच्या दोन खुणा केल्या, चिठोरं सरकवून चौकोनांवर धरलं आणि मोजलं. मग पुन्हा मोजलं. तीनला जरासं कमी. एव्हीआर बघितली. शेपूट वर होतं.

डॉक्टर ब्रामांत्यो सव्वीस वर्षांचे होते, पास होऊन वर्ष झालेलं, आणि त्या सकाळी एकटेच. पलीकडच्या खाटेवर मिरचीच्या ट्रकखाली पाय सापडलेला माणूस कण्हत होता. ते त्याच्या घोट्याशी वाकले होते. कुंतारीने पट्टी त्यांच्यासमोर धरली.

"जलद आहे," ते म्हणाले. "ताप आहे, पाणी कमी पडलंय. सलाइन लावा."

"डॉक, रुंदी बघा. तीनच्या जवळ आहे."

त्यांनी कपाळावरचा घाम बाहीला पुसला आणि पट्टी पुन्हा बघितली. "म्हातारं हृदय आहे, म्बाक. आधीपासूनच असेल असं. जुना ईसीजी आहे का यांचा?"

"नाही."

"मग? दोन गोळ्यांनी असं होत नाही."

"तेच म्हणतेय मी."

ते सरळ उभे राहिले. चिडले होते, पण चिडणं लपवायचा प्रयत्न करण्याइतके भले होते. "बायको म्हणते दोन. पेशंट म्हणतो दोन. तुम्ही पोलीस आहात का?"

"अर्ध्या तासाने परत काढते. तोवर सोडू नका."

"मी धरून ठेवू शकत नाही कुणाला," ते म्हणाले आणि घोट्याकडे वळले.

आणि खरोखरच, ती परतली तेव्हा बू सुमिनाह टेबलाशी उभ्या राहून स्वखुशीने पेशंट नेत असल्याचा फॉर्म भरत होत्या. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, म्हणून जुमिराह वाचून दाखवत होत्या आणि त्या सही करत होत्या, शाळेतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर.

"बू, थोडा वेळ थांबा. मला हे बरोबर वाटत नाहीये."

"कुण, घरी सत्तर नारळ खोवायचे पडलेत. तांदळाचे आपेम उकडायचे आहेत. दगड बसवणारे दुपारी येणार, त्यांना जागा यांनीच दाखवायची. पोराच्या हजाराव्या दिवशी बाप दवाखान्यात झोपलाय, हे लोकांना काय सांगू?"

"फक्त अर्धा तास."

"थांबतो गं अर्धा तास," जुमिराह मध्येच म्हणाल्या. "तोवर चहा तरी घेऊ. तू पहाटेपासून उपाशी आहेस. तू पडलीस तर तुम्हा दोघांना एकाच टेम्पोत घालून न्यायची पाळी माझ्यावर यायची."

दोघी चहाला गेल्या. कुंतारीने खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि स्टूल जवळ घेतलं. पाक विरातमोंचं पोट तिला ताठ लागलं, मूत्राशय भरून वर आलं होतं. तिने नळी घातली. पाऊण लिटरवर लघवी झाली. त्याने त्यांना जरा शुद्ध आल्यासारखं झालं. हवेतलं वेचणं थांबलं.

"पाक गुरू, किती घेतल्या?"

"दोन."

तिने पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. हे चुकीचं होतं का, हे तिला नंतरही कळलं नाही. पण या माणसाने तिला मोजणं शिकवलं होतं, आणि त्यांच्याशी दुसऱ्या कशाबद्दल बोलावं हे तिला सुचलं नाही. "हा एक लहान चौकोन. एवढं रुंद असायला हवं होतं, एवढं आहे. दोन गोळ्यांनी हे होत नाही. बू म्हणतात दोन, तुम्ही म्हणता दोन. हा कागद दोन म्हणत नाहीये."

त्यांनी पट्टीकडे बघितलं. वाचता येत होतं असं नाही. बाहुल्या एवढ्या पसरल्या होत्या की त्यांना सगळं धुरकटच दिसत असणार. पण ते बराच वेळ बघत राहिले.

"पाकीट भरलेलं होतं," ते म्हणाले.

कुंतारीने स्टूल आणखी जवळ ओढलं.

"पहाटेच्या नमाजानंतर. ही अंगणात बायकांना भांडी काढून देत होती. मला हाका मारत होती, मोठं पातेलं कुठे ठेवलंय म्हणून." जीभ कोरडी पडून टाळूला चिकटत होती. तिने कापूस ओला करून त्यांच्या ओठांवर फिरवला. "मीच बोलावलं होतं त्याला, कुण. त्या दिवशी. तो म्हणत होता, उद्या सकाळी येतो. मी म्हटलं, आजच ये, कौलं उतरवायची आहेत. कौलं."

"पाक गुरू..."

"हजार दिवस तो इथेच असतो म्हणतात. घराच्या आसपास. मी रोज बोलायचो त्याच्याशी. आज संध्याकाळी ही सगळी माणसं येऊन त्याला घालवून देणार. मी म्हटलं, सोबत जावं."

पलीकडे ट्रकवाल्याने मोठ्याने शिवी दिली आणि डॉक्टर म्हणाले, झालं, झालं.

"मी डॉक्टरांना सांगणार," कुंतारी म्हणाली.

"सांग. हिला नको." त्यांनी तिचं मनगट धरलं, हात भट्टीसारखा तापला होता. "आज नको. आजचा दिवस होऊ दे तिचा. नंतर मीच सांगेन. शब्द दे."

"दिला," ती म्हणाली.

मग तिने दुसरी पट्टी काढली. अर्धा तासही झाला नव्हता. जेमतेम वीस मिनिटं. चिठोरं लावायचीसुद्धा गरज नव्हती. सुळके बोथट झाले होते, पायथ्याशी पसरले होते. साडेतीन. चारला अर्धाच चौकोन कमी.

ती पडद्याबाहेर आली आणि तिथेच, पडद्याला पाठ लावून, डॉक्टरांना म्हणाली, "पूर्ण पाकीट खाल्लंय, डॉक. मुद्दाम. आत्ता स्वतः म्हणाले. साडेतीनवर आलंय."

ती दोन पावलं पुढे जाऊन बोलली असती तर. ट्रकवाल्याच्या खाटेपलीकडे, हात धुवायच्या बेसिनजवळ. पुढे कित्येक दिवस ती ही दोन पावलं मनात मोजत राहिली. कारण पडद्याच्या दुसऱ्या टोकाशी, दारातून नुकत्याच आत आलेल्या, कागदी पेल्यात चहा धरून बू सुमिनाह उभ्या होत्या. आणि त्यांच्यामागे जुमिराह.

बू सुमिनाहंच्या हातातला पेला कलंडला आणि चहा त्यांच्या पायावर सांडला, तेही त्यांना कळलं नसावं, कारण त्यांच्या पायांना कित्येक वर्षं धड काही कळतच नव्हतं. त्यासाठीच तर त्या गोळ्या होत्या.

डॉक्टर ब्रामांत्योंनी मात्र पट्टी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा बदलला. नंतर कुंतारी म्हणायची की त्या पोराला ओरडायला कमी वेळ लागतो आणि शिकायला त्याहूनही कमी. "सोडियम बायकार्ब किती आहे आपल्याकडे?"

"आठ कुप्या."

"सगळ्या आणा. दुसरी शीर उघडा. मॉनिटर लावा, गाडीला फोन करा." एवढं बोलून होतंय तोवर पडद्याआड खाट खडखडली.

पाक विरातमोंना आकडी आली होती. पाठ धनुष्यासारखी वर उचललेली, दात घट्ट, टाचा लोखंडी कडेवर आपटत होत्या. कुंतारीने त्यांना कुशीवर वळवलं, डॉक्टरांनी आकडीचं इंजेक्शन दिलं, प्राणवायू लावला. मॉनिटरवरचे सुळके आता सुळके राहिलेच नव्हते. नांगरटीच्या सरींसारखे रुंद, एकाला एक लागून चालले होते. रक्तदाब सत्तर. डॉक्टरांनी बायकार्बची एक कुपी हळूहळू शिरेत सोडली, मग दुसरी.

"हे काय देताय?" बू सुमिनाहंनी विचारलं. त्यांना कुणी बाहेर काढायचं हेच कुणाला सुचलं नव्हतं.

"सोडा, बू. सोड्याच्याच जातीचं औषध," कुंतारी म्हणाली.

"खायचा सोडा?"

"जवळपास तोच."

"तो तर आपेममध्ये घालतात," बू सुमिनाह स्वतःशीच म्हणाल्या.

तिसऱ्या कुपीनंतर सरी आवळू लागल्या. आधी वाटलं, भास आहे. मग कुंतारीने पट्टी काढून चिठोरं लावलं. सव्वातीन. दहा मिनिटांनी, पावणेतीन. डॉक्टर खाली स्टुलावर बसले आणि दोन्ही तळवे मांडीवर घासत राहिले. "मी सोडणार होतो त्यांना," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही म्हणाला नसता तर."

"नंतर, डॉक," कुंतारी म्हणाली.

मागेलांगच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं ठरलं. तिथे अतिदक्षता विभाग होता, इथे नव्हता. गाडी दाराशी लागली, मागचं दार उघडलं. एक नातेवाईक बसू शकत होता.

"चला, बू," ड्रायव्हर म्हणाला.

बू सुमिनाह खाटेशी उभ्या राहून नवऱ्याकडे बघत होत्या. तोंडात नळी, डोळे अर्धवट मिटलेले. त्यांनी त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस मागे सारले, नीट, एकदा, दोनदा. मग त्या वळल्या.

"मी घरी जाते."

"अगं, वेड लागलंय का?" जुमिराह म्हणाल्या. "घरचं आम्ही बघतो. तू जा."

"शंभर माणसं सांगितली आहेत. गालिहचा दिवस आहे. बापाला जमला नाही, आईने तरी करायला नको?" आवाज चढला नव्हता. "त्याच्याकडे जायला निघाले होते हे. मला विचारलं नाही. मला मागे ठेवणार होते, सत्तर नारळ आणि शंभर माणसांची भांडी घासायला. कुण आहे ना बरोबर. तिला सांगितलं त्यांनी. मला नाही सांगितलं."

कुंतारी गाडीत बसली. दीड तासाच्या उतारात तिने चौथी आणि पाचवी कुपी संपवली आणि मॉनिटरवरून नजर काढली नाही. वळणं येत गेली. एका वळणावर ड्रायव्हरने सवयीने भोंगा दोनदा वाजवला. सगळेच तिथे वाजवतात. ते गालिहचं वळण होतं. पाक विरातमो बेशुद्ध होते, याचं तिला बरं वाटलं.

खाली त्यांना ताब्यात घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या चारही पट्ट्या क्रमाने लावल्या, वर तिने पेन्सिलने लिहिलेल्या वेळा बघितल्या आणि विचारलं, "पहिली कुणी वाचली?"

"मी."

"वाचतील हे बहुतेक," बाई म्हणाल्या. कुंतारीला वाटलं होतं, हे ऐकल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही.

ती परत आली तेव्हा दिवेलागण होत होती. गाडी पाक विरातमोंच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली, कारण पुढे रस्त्यावरच सतरंज्या अंथरल्या होत्या. दुआपठण चाललं होतं, शंभर पुरुषांचा एक आवाज धुक्यात वर-खाली होत होता. यजमानाच्या जागी गालिहचा मामा बसला होता. मागच्या अंगणात बू सुमिनाह डब्यांत भात, बोकडाचं मटण, आपेम भरत होत्या. नवी चोळी, डोक्यावर नीट बसवलेली ओढणी, चेहरा कोरडा.

एक बाई म्हणाली, "पाक गुरूंची साखर उतरली म्हणे?"

"हो," बू सुमिनाह म्हणाल्या. "आता बरे आहेत."

त्या बाईने मान डोलावली, आणि तिच्या बाजूच्या बाईनेही, आणि दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. कुंतारीच्या लक्षात आलं. सगळ्यांना कळलं होतं. जुमिराह काही वाईट बाई नव्हत्या. पण सकाळी जे ऐकलं ते एकटीने पोटात ठेवणं त्यांना झेपलं नसणार, आणि एकीला सांगितलं की या गल्लीत काही उरत नाही.

"बू," कुंतारी जवळ जाऊन म्हणाली. "धोका टळलाय म्हणाल्या तिथल्या डॉक्टर. दोन-तीन दिवस ठेवतील."

बू सुमिनाहंनी एक डबा बंद केला, रबर लावलं आणि तिच्या हातात दिला. "हा तुझा. तुझ्या नवऱ्याने मांडव चांगला बांधला."

त्यानंतर पाच आठवडे त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. बाजारात समोरून आल्या तर दुसऱ्या बाजूला जायच्या. पाक विरातमो घरी आले होते. मशिदीत मात्र जाईनासे झाले, कारण एका म्हाताऱ्याने तिथे, त्यांना ऐकू जाईल असं, आत्महत्येच्या पापावर बोलणं काढलं होतं. शाळेतली जुनी मुलं भेटायला गेली तर ते आतल्या खोलीत बसून राहायचे. कुंतारीच्या नवऱ्याने तिला समजावलं, "जीव वाचला ना? मग?" ती म्हणायची, "हो, वाचला." आणि मग पडद्याशी जायची, मनातल्या मनात, आणि दोन पावलं पुढे सरकून बोलायची.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी शहरातून मनोविकाराचे डॉक्टर त्या दवाखान्यात यायचे. पाक विरातमोंना त्यांनी नवं औषध सुरू करायचं ठरवलं होतं, आणि आधी ईसीजी बघायला मागितला होता. म्हणून एका मंगळवारी सकाळी ते कुंतारीच्या खाटेवर पुन्हा येऊन आडवे झाले. खूप वाळले होते. सदऱ्याची बटणं त्यांनी स्वतःच काढली.

"थंड लागेल," ती म्हणाली.

"लागू दे."

कागद बाहेर आला. तिने खुणा केल्या, मोजलं. दोन. ते तिच्याकडे बघत होते. "चांगलं आहे," ती म्हणाली.

"हं."

ती तारा काढू लागली. मान खाली घालूनच म्हणाली, "पाक गुरू, मी शब्द पाळला नाही. बू ऐकतील असं मला..."

"माझ्याकडून तिला सांगून झालं नसतं," ते म्हणाले. "पण तुझ्यावर उपकार मानू का, ते अजून मला समजत नाही, कुण. खोटं नाही सांगणार. एखाद्या दिवशी वाटतं, मानावेत. एखाद्या दिवशी सकाळी डोळे उघडतात आणि तुझा राग येतो."

"येऊ दे," ती म्हणाली. "औषध घ्याल ना?"

"ही देते रोज. समोर उभी राहते गिळेपर्यंत. मग तोंड उघडून दाखवायला लावते." त्यांच्या तोंडाची कड किंचित हलली. "पोरांना मी लावायचो तसं."

ते आत डॉक्टरांकडे गेले. बू सुमिनाह बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कुंतारी दारात आली, परत फिरली, मग जाऊन त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी पिशवी जराशी सरकवून जागा केली. तेवढंच.

"माझी चूक झाली, बू. मी जोरात बोलले."

"जोरात बोललीस," त्या म्हणाल्या. "सगळ्या गावाला कळलं. आता माझ्या गोळ्या जुमिराहकडे ठेवते. रोज रात्री मागायला जावं लागतं. रोज ती विचारते, कसे आहेत. रोज मी म्हणते, बरे आहेत." त्यांनी पायातली चप्पल काढून पाय चोळला. "त्याचा राग नाही गं मला. म्हणजे आहे. पण तो जाईल."

कुंतारीने काढलेली चप्पल त्यांच्या पायाशी सरकवली.

"मी सही केली होती," बू सुमिनाह म्हणाल्या. "चहाला गेले तेव्हा कागदावर सही करून गेले होते. तू हळू बोलली असतीस, आणि त्या डॉक्टरने म्हटलं असतं, जा घेऊन, तर मी नेलं असतं. माझ्या डोक्यात नारळ होते. एकोणचाळीस वर्षं संसार केला, आणि मला दिसलं नाही. तुला कागदावर दिसलं." त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "तुला बघितलं की मला तेच आठवतं. म्हणून बोलत नव्हते."

"मलासुद्धा आधी एकदा दिसलं नव्हतं," कुंतारी म्हणाली. "एका मुलीचं." आणि तिने, चार वर्षांत नवऱ्यालाही न सांगितलेली, त्या मुलीची गोष्ट बू सुमिनाहंना सांगितली, केसांच्या रबरापर्यंत. बू सुमिनाह ऐकत राहिल्या. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "तिची आई होती का?" कुंतारी म्हणाली, होती, खालून बसने आली होती, संध्याकाळी.

आतून नाव पुकारलं गेलं. नातेवाइकांनाही डॉक्टरांनी बोलावलं होतं. बू सुमिनाह उठल्या, पिशवी कुंतारीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "धर जरा, येतेच." दारापर्यंत गेल्या आणि क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी ओढणी सारखी केली आणि आत जाऊन नवऱ्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या. दार ओढून घेतलं गेलं.

कुंतारी पिशवी धरून बसून राहिली. कॅज्युअल्टीतून डॉक्टर ब्रामांत्योंनी हाक मारली, म्बाक, एक मुलगा आणलाय, कसल्या तरी गोळ्या खाल्ल्यात म्हणतात, पण शुद्धीत आहे, बोलतोय. तिने पिशवी बाकावर उभी करून ठेवली, शेजारच्या बाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि आत गेली.